तलावाला कोण खाऊ घालतंय?

"एक... दोन... अडीच..." आणि तीन म्हणायच्या आतच धम्मरत्नने तलावात उडी ठोकली!

"चीटर!" काठावरून नाजिया ओरडली. शर्यत तिघांची होती. दिवाळीच्या सुट्टीतली पहिली उडी कोण मारणार यावरून सकाळपासून भांडणं चालली होती.

पण धम्मरत्न वर आला आणि नाजिया पुढचं बोलायचंच विसरली. त्याच्या केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सगळीकडे हिरवा लगदा चिकटला होता. नाकाच्या शेंड्यावरून एक लांबलचक हिरवा धागा लोंबत होता.

"हसून काहून राह्यल्या?" त्याने विचारलं आणि तो धागा ओढून फेकला. "थूः! हे काय होय?"

"शेवाळ होय! पुरा पोपट झाला तुया!" प्रियंका हसता हसता खालीच बसली.

नाजिया मात्र हसता हसता थांबली. आठवीच्या वर्गात सर शिकवत असतानाही हिला मधेच काहीतरी खटकायचं आणि मग सगळ्या वर्गाचा तास लांबायचा. आताही तिला खटकलं होतं.

"थांबा ना बे. मागच्या रविवारीच त तलाव साफ केलता. त्याच्या आंधीच्या रविवारीबी. मंग इतकं शेवाळ परत आलं कुठून?"

प्रश्न बरोबर होता. राळेगाव तालुक्यातल्या खैरवाडीचा हा तलाव तसा उथळच, मधोमध उभं राहिलं तरी पाणी मोठ्या माणसाच्या कमरेला. दरवर्षी थोडंफार शेवाळ यायचं, पण यंदा आक्रीतच झालं होतं. प्रियंकाचा मोठा भाऊ विक्की आणि त्याच्या मंडळातली पोरं दर रविवारी बांबूने शेवाळ ओढून काढायची, मोबाइलवर व्हिडिओ टाकायची, आणि तीन-चार दिवसांत तलाव पुन्हा हिरवागार! शेळ्या पाण्याला तोंड लावत नव्हत्या. सकाळी सकाळी मासे वर येऊन आ वासून हवा घेताना दिसायचे.

"कोणीतरी मुद्दाम करून राह्यलं," धम्मरत्न कान झटकत म्हणाला. "मले पक्का डाउट हाय!"

"तुले कशावर डाउट नसते? मांगं तुले शाळेच्या घंटीवर डाउट होता," प्रियंका म्हणाली.

तेवढ्यात तलावाच्या मातीच्या पाळीवरून फटफटीचा आवाज आला. विक्कीच होता. गळ्यात मंडळाचा भगवा दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोबाइल. या मोबाइलशिवाय विक्कीभाऊंना गावात कोणी शेवटचं कधी पाहिलं, हे कोणाला आठवत नव्हतं.

"सापडला!" तो लांबूनच ओरडला. "तलाव कोण खराब करते, थे सापडलं! हे पाहा!"

तिघं मोबाइलवर वाकली. व्हिडिओत एका पत्र्याच्या शेडपुढून हिरव्याचार पाण्याचा ओघळ वाहत होता. शेडवरची पाटी नीट वाचता येत होती: 'नजीर ट्रॅक्टर रिपेअरिंग'.

नाजियाचा चेहरा पांढराफटक पडला. ते तिच्या अब्बांचं गॅरेज होतं.

"दादा, थे..." प्रियंका चाचरली.

"थे काय? डोळ्यानं दिसते ना? गॅरेज तलावाच्या काठाले, पाणी हिरवं, तलावबी हिरवा! या रविवारी नाई, पुढच्या रविवारी ग्रामसभा हाय, इथंच घाटावर. गॅरेज हटवाचा ठराव मांडतो म्हणजे मांडतो. मी लाइव्ह करणार हावो!"

फटफटी धूर सोडत निघून गेली. प्रियंकाने नाजियाच्या खांद्यावर हात ठेवला, पण नाजियाने तो हळूच बाजूला केला. शेवटी प्रियंका त्याच भावाची बहीण होती!

तिघं गॅरेजमध्ये पोहोचली तेव्हा नजीरचाचा एका ट्रॅक्टरखाली आडवे झाले होते. फक्त पाय बाहेर दिसत होते. व्हिडिओची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती.

"अब्बा, थे हिरवं पाणी कायचं होतं?"

नजीरचाचा बाहेर आले, हात पुसले आणि कोपऱ्यातला एक डबा उचलून आणला. आत चकचकीत हिरवं पाणी होतं.

"कूलंट होय, बेटा. रेडिएटरात टाकतेत. उकंडाजीच्या ट्रॅक्टरचा पाइप फुटला अन् थोडंसं सांडलं. बाकी सगळं मी डब्यात धरतो. हे जनावरानं पेलं त मरते. मी कायले तलावात सोडीन?"

"मंग सांगा ना सभेत!"

"सांगतो. पण ज्यानं व्हिडिओ पाह्यला त्याले माह्यं ऐकू येते काय?" ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "गाव नाई म्हणलं त जाऊ. उमरखेडले तुया मामूचं दुकान हाय. तिथं हात चालतेत माहे."

उमरखेड! म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. नवी शाळा, नवा वर्ग. ना धम्मरत्न, ना प्रियंका. नाजियाला एकदम रडूच आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून ती डब्यावर वाकली आणि बराच वेळ त्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिली.

"प्रियंका," ती अचानक म्हणाली, "तुयाजोळ पांढरा रुमाल हाय काय?"

"हाय. कायले?"

"दे. अन् धम्या, तलावातलं एक डबा पाणी आण. पळ!"

डबा आला. नाजियाने रुमालाची झोळी करून त्यात तलावाचं पाणी ओतलं. खाली जवळजवळ स्वच्छ पाणी पडलं आणि रुमालावर हिरवा बारीक गाळ राहिला. मग रुमालाच्या दुसऱ्या टोकातून तिने थोडं कूलंट गाळलं. ते जसं होतं तसं, हिरवंच्या हिरवं खाली उतरलं!

"अरेच्चा!" धम्मरत्न ओरडला.

"पाह्यलं? कूलंट म्हणजे नुसता रंग. तलावातलं हिरवं म्हणजे शेवाळ होय. जितं हाय थे!" नाजियाचे डोळे आता लकलकत होते. "अन् जितं हाय त..."

"...त त्याले खायले लागत असंन!" प्रियंकाने वाक्य पुरं केलं.

"बरोबर! मंग त्याले कोण खाऊ घालून राह्यलं?"

नजीरचाचा रुमालाकडे आणि मग लेकीकडे बघत राहिले. "आधी हात धुवा तिघंबी. साबणानं," एवढंच ते म्हणाले. पण या वेळी त्यांचं हसू खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. आणि शोध सुरू झाला की जो तो संशयित दिसायला लागतो! कपडे धुणाऱ्या बायांच्या साबणावर धम्मरत्नला डाउट आला. मग बदकांवर आला. बैल धुवायला आणणाऱ्या एका आजोबांच्या मागे तर तो झुडपाझुडपांतून इतका वेळ फिरला, की शेवटी आजोबांनीच त्याला बोलावून बैलाचं शेपूट धरायला लावलं!

नाजिया मात्र काठाकाठाने चालत पाणी बघत होती. सगळा तलाव सारखा हिरवा नव्हता. गॅरेजच्या बाजूला पाणी बरंच निवळ होतं. सगळ्यात दाट हिरवं होतं ते समोरच्या कोपऱ्यात, गुरांच्या हौदाखाली.

"गॅरेजातून येतं त गॅरेजापाशी जास्त पाह्यजे ना! मंग हे तिकडं कसं?" ती पुटपुटली.

हौदाखालच्या उतारावर एक मोठा काळपट ढीग होता. दर रविवारी तलावातून काढलेलं शेवाळ मंडळाची पोरं तिथंच टाकायची. ढीग कुजत होता आणि त्याचा असा वास सुटला होता की तिघांनी नाकाला रुमाल लावले.

"हे पाहा!" प्रियंका खाली वाकली. ढिगाच्या कडेला दगडावर साखरेसारखे पांढरे दाणे पडले होते. जवळच रबरी चपलेचे ठसे होते, ताजे.

"विष!" धम्मरत्न कुजबुजला.

"चाटून पाह्य, मंग समजते," प्रियंका म्हणाली आणि तिने घाईघाईने त्याचा हात धरला, कारण धम्मरत्नचा काही भरवसा नव्हता. "लेका, युरिया होय हा! आमच्या घरी पोत्यानं हाय."

हे बोलून झालं आणि तिलाच आपण काय बोललो ते कळलं. ढीग विक्कीने घातलेला. युरिया विक्कीच्या घरी. गॅरेज हटवायला निघालेलाही विक्कीच.

"तुया दादाच रातच्याले येऊन..." धम्मरत्नने सुरुवात केली.

"माहा दादा बावळट असंन, पण असा नाई!" प्रियंका उसळली. "तुमचा दोघाईचा माह्यावरबी डाउट हाय ना? सांगा ना सरळ!"

कोणीच काही सांगितलं नाही. तेच तिला जास्त लागलं. ती ताडताड पावलं टाकत घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच नाजिया आणि धम्मरत्न हौदामागे दबा धरून बसले. ताजे ठसे म्हणजे कोणीतरी पहाटे येत असणार! थंडी झोंबत होती. तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी सरपटत आलं आणि धम्मरत्नची बोबडीच वळली.

"सरक तिकडं," प्रियंका म्हणाली. "दादाच असंन त मीच पयले पकडतो त्याले. नसंन त तुम्ही दोघं माह्यापुढं कान धरा."

"धरतो," नाजिया म्हणाली आणि तिने आपल्या शालीचा अर्धा भाग प्रियंकाच्या अंगावर टाकला.

थोड्याच वेळात पाळीवर एक आकृती दिसली. तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला, काखेत पोतं! माणूस चोरपावलांनी ढिगाजवळ आला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पोत्यातून मूठ भरली आणि ढिगावर पांढरे दाणे फेकले. मग आणखी एक मूठ, आणखी एक...

"आँक्छी!" ऐन वेळी धम्मरत्न शिंकला!

माणूस दचकला, घसरला आणि सरळ त्या कुजक्या ढिगात जाऊन बसला. दुपट्टा सुटला.

"उकंडाकाका?" तिघं एकदमच ओरडली.

"आरं बाप्पा! तुम्ही होय काय? माहा जीव गेलता ना!" उकंडाकाका शेवाळातून उठायची धडपड करत होते. त्यांच्या टोपीवरही शेवाळ होतं.

"काकाजी, तुम्ही तलावात युरिया टाकून राह्यले?" नाजिया पुढे झाली. "तुमच्यामुळं माह्या अब्बाचं गॅरेज जाऊन राह्यलं!"

"तलावात? मी कायले टाकीन वं तलावात?" काका खरोखरच चकित झाले. "मी ढिगावर टाकतो. युरियानं शेवाळ लवकर कुजते, खत पक्कं होते. विक्की म्हणे, ढीग तुमीच नेजा. पण आता वावरात कापूस उभा हाय, बैलबंडी जाते कुठून? कापूस निघाला की नेतो."

"मंग लपूनछपून कायले?"

"गावाले समजलं त सारेच म्हणतीन, आम्हालेबी पाह्यजे खत!" काकांनी मान खाली घातली. मोठी माणसं लहान मुलांपुढे ओशाळतात तेव्हा फारच ओशाळतात.

नाजिया पुढचं बोलणार, इतक्यात तिच्या तळपायाला गार लागलं. तिची चप्पल भिजली होती. तिने खाली पाहिलं. वर गुरांच्या हौदाची तोटी बिघडलेली होती, कधीपासून ते कोणालाच माहीत नव्हतं. हौद रात्रभर भरून वाहायचा. ते पाणी उतारावरून येत होतं, ढिगात शिरत होतं आणि खालून चहासारखं तपकिरी होऊन गुपचूप तलावात उतरत होतं.

"काकाजी," ती सावकाश म्हणाली, "तुमचा युरिया ढिगावर राहूनच नाई राह्यला."

काकांनी त्या तपकिरी ओघळाकडे पाहिलं. ते शेतकरी माणूस, वाहत्या पाण्याबरोबर खत जातं हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अन् नुसता युरिया नाई," नाजिया म्हणाली. "शेवाळानं तलावातलं जे खाल्लं, थे कुजलं की पाण्यासंग परत तलावात. मंग नवं शेवाळ त्यावरच वाढते. दादा रविवारी थे काढते अन् इथंच टाकते. म्हणजे पुन्हा तेच!"

"म्हणजे आपणच काढतो अन् आपणच खाऊ घालतो?" धम्मरत्नने डोळे विस्फारले.

प्रियंका कमरेवर हात ठेवून उभी होती. "कान," ती म्हणाली.

दोघांनी निमूटपणे कान धरले.

सभेच्या रविवारी घाटावर सगळं गाव जमलं. सरपंच बेबीताई खुर्चीवर बसल्या होत्या. नजीरचाचा एका कडेला उभे होते. त्यांनी गॅरेजवरची पाटी आधीच उतरवून ठेवली होती. विक्कीने मोबाइल उंच धरला.

"नमस्कार मंडळी! आज तलावाचा गुन्हेगार..."

"दादा, जरा थांब!" प्रियंका पुढे आली. "आंधी आमचं दाखव."

"पोट्टेहो, हा खेळ नोहे," विक्की वैतागला.

"दाखवू दे रे त्याहिले," बेबीताई म्हणाल्या. "इतके दिवस तुयंच पाहून राह्यलो आम्ही."

लोक हसले. नाजियाने पांढऱ्या रुमालातून आधी तलावाचं पाणी आणि मग कूलंट गाळून दाखवलं. मग धम्मरत्नने लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या मांडल्या. इतके दिवस त्या त्याच्या घराच्या गच्चीवर उन्हात होत्या. तिन्हींत हातपंपाचं पाणी होतं आणि एकेक चमचा तलावाचं. पहिलीत आणखी काहीच घातलेलं नव्हतं. दुसरीत कूलंटचे थेंब, आणि तिसरीत ढिगाखालचं तपकिरी पाणी. पहिल्या दोन बरण्यांतून पलीकडचा माणूस आरपार दिसत होता. तिसरी मात्र गडद हिरवी झाली होती, आत बोटही दिसेना!

"म्हणजे ढीग..." बेबीताई बोलता बोलता थांबल्या.

विक्कीचे कान लाल झाले. "काहीबी सांगतेत! ढीग थो तिकडं वर, तलाव खाली. मधात इतकी जागा! पाणी काय उडून जाते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. विक्कीभाऊ हे वाक्य बोलणार, याची त्यांना खात्रीच होती!

"दादा, मोबाइल चालू ठेव हं," प्रियंका गोड आवाजात म्हणाली. "सगळं गाव पाहून राह्यलं."

तिने पिशवी उघडली. मंडळाच्या मिरवणुकीतला उरलेला गुलाल होता तो, विक्कीच्याच खोलीतला. धम्मरत्न ती पिशवी घेऊन हौदाकडे पळाला आणि वाहत्या पाण्यात त्याने सगळा गुलाल ओतला.

सगळी सभा उठून उतारावर गेली. गुलाबी पाणी सळसळत खाली आलं आणि ढिगात शिरलं. क्षणभर काहीच दिसेना.

"पाह्यलं? मी म्हणलं ना..." विक्की म्हणाला.

"थे पाहा!" कोणीतरी ओरडलं.

ढिगाखालून मळकट गुलाबी ओघळ निघाला, दगडांमधून वाट काढत उतरला आणि हिरव्यागार पाण्यात पसरला. विक्कीच्या स्वतःच्या मोबाइलवर, लाइव्ह!

मग गर्दीतून उकंडाकाका पुढे आले. "युरिया मी टाकत होतो," ते म्हणाले. "ढीग पक्का व्हावा म्हणून. तलावात जाते हे मले समजलं नाई. पोट्टेहिनं दाखवलं. नजीरभाऊ, मी इतके दिस गप राह्यलो, थे त माहीच चुकी."

नजीरचाचांनी त्यांचा हात हातात घेतला.

विक्कीने मोबाइल खाली केला होता. बेबीताई म्हणाल्या, "काहून रे, बंद कायले केला? चालू ठेव. अन् नजीरभाऊची माफी मांग, सगळ्या गावापुढं दोष देल्ला त माफीबी सगळ्या गावापुढंच."

विक्कीने माफी मागितली. आवाज बारीक होता, पण मागितली हे खरं. सभेत ठरलं की ढीग आजच पाळीच्या पलीकडच्या उतारावर टाकायचा, म्हणजे पाणी पुन्हा तलावाकडे येणार नाही, आणि कापूस निघाला की ज्याला खत हवं त्याने न्यावं.

"मंग उद्या तलाव साफ?" धम्मरत्नने विचारलं. त्याला पोहायची घाई होती.

"नाई रे," नाजिया म्हणाली. "आतापावतर जे गेलं थे खालच्या गाळात बसलं असंन. थे हळूहळू वर येईन. शेवाळ काढाच लागंन, पण आता काढलेलं परत नाई जाणार."

"ही पोट्टी कोणाची म्हणावं!" बेबीताई कौतुकाने म्हणाल्या. "नजीरभाऊ, तिघाईचेबी डोस्के तुमच्या पान्यानं कसून देल्ले काय?" मग त्यांनी तिघांना जवळ बोलावलं. "मोठ्याहिनं पाहाचं होतं, थे तुम्ही पाह्यलं. शाब्बास!"

नजीरचाचा तोवर हौदापाशी गेले होते. त्यांनी खिशातून पाना काढला, तोटी खोलली आणि आतला फाटका रबरी वायसर सगळ्यांना दाखवला. "इतकुसा होता," ते म्हणाले. "कोणी मले सांगतलं असतं त तवाच बदलला असता." नवा वायसर बसला आणि वाहतं पाणी थांबलं.

संध्याकाळी गॅरेजची पाटी पुन्हा वर चढली. शिडी धरायला विक्की होता, प्रियंकाने त्याला हाताला धरूनच आणला होता.

"डावीकडं थोडी... नाई, जास्त झाली!" धम्मरत्न खालून हुकूम सोडत होता.

"सरळ हाय काय, बेटा?" नजीरचाचांनी वरून विचारलं.

नाजियाने मागे सरकून पाटी नीट पाहिली. "सरळ हाय, अब्बा," ती म्हणाली. "आता खिळा पक्का ठोका. परत काढाची नाई!"